सोमची ती एक सकाळ आणि उरलेले १४० दिवस

खंदकातून सैनिक वर चढतात, एक जण काठावरूनच घसरून खाली येतो, बाकीचे धुरात नाहीसे होतात. पहिल्या महायुद्धावरच्या माहितीपटांत हे दृश्य हमखास दिसतं. १९१६च्या ऑगस्टमध्ये इंग्लंडमध्ये झळकलेल्या, सोमच्या लढाईवरच्या चित्रपटातलं ते आहे. चित्रपटातलं बरंच चित्रण खरं असलं, तरी नेमका हाच तुकडा आघाडीच्या मागे मुद्दाम वठवून घेतलेला. फ्रान्समधल्या त्या लढाईबद्दलच्या आपल्या कल्पनांचं मूळ बरंचसं इथेच आहे.

१ जुलैला सगळेच ब्रिटिश सैनिक रांगेत संथ चालत मशीनगनपुढे गेले, ही त्यातली पहिली. प्रत्यक्षात बऱ्याच पलटणी हल्ल्याच्या वेळेआधीच, म्हणजे सकाळी साडेसातच्या आधी, सरपटत पुढे जाऊन दोन्ही बाजूंच्या खंदकांमधल्या मोकळ्या पट्ट्यात पडून होत्या. काहींनी धाव घेतली. काही चालत गेले हेही खरंच, पण धावणार तरी कसे? रायफल, २२० काडतुसं, दोन हातबॉम्ब, रिकामी पोती, वर कुदळ नाहीतर फावडं. अंगावर २७ किलोंच्या आसपास ओझं. आठवडाभरात पंधरा लाखांवर तोफगोळे पडलेत, समोर कोणी उरलं नसेल, असं त्यांना सांगितलेलं. त्यातले कित्येक गोळे फुटलेच नाहीत आणि जर्मन शिपाई तीस-तीस फूट खोल भुयारांत बसून राहिले. एका दिवसात ५७,४७० ब्रिटिश सैनिक कामी आले, जखमी वा बेपत्ता झाले; मृत १९,२४०. न्यूफाउंडलंडच्या पलटणीतले सुमारे आठशे पुढे गेले, दुसऱ्या दिवशी हजेरीला ६८. पण त्याच दिवशी दक्षिणेला मामेत्झ आणि माँतोबाँ ही गावं ब्रिटिशांनी घेतली, फ्रेंचांचीही सरशी झाली. हे सांगायचं राहून जातं.

सक्तीच्या भरतीचा कायदा त्याच वर्षी आला होता. तरी त्या सकाळचे बहुतेक जण आपणहून आलेले, पुष्कळदा एकाच गावचे, एकाच गिरणीतले. आणि मृत्यूची तार घरी यायची ती अधिकाऱ्याच्या. साध्या शिपायाच्या घरी टपालाने छापील फॉर्म यायचा, मधल्या मोकळ्या जागेत नाव भरलेला.

मग लढाई आणखी १४० दिवस चालली, १८ नोव्हेंबरपर्यंत. म्हणून काही कोणी सलग खंदकात नव्हतं. काही दिवस पुढे, काही मागच्या फळीत, मग मागच्या एखाद्या गावात. याला विश्रांती म्हणत. माझ्या मते तो विनोदच. रात्री काटेरी तार, दारूगोळा, पाणी वाहायचं. पाणी पेट्रोलच्या डब्यांतून येई, चहालाही त्याचाच वास. पाय सडू नयेत म्हणून देवमाशाचं तेल चोळायचं, मेणबत्तीची ज्योत शिवणींवरून फिरवून उवा जाळायच्या. विषारी वायूची भीती मोठी होती, पण माणसं सर्वाधिक मेली ती तोफगोळ्यांनी.

शेवटचा गैरसमज आपल्याकडचा: मराठा पलटणी सोमला लढल्या. भारतीय पायदळाचा बहुतेक भाग १९१५ अखेरीस फ्रान्समधून हलवला होता. १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या मराठा पलटणी तर मेसोपोटेमियात कुतच्या वेढ्यात उपाशी अडकल्या होत्या. २९ एप्रिल १९१६ला तिथे शरणागती झाली. सोमला उरलं होतं ते भारतीय घोडदळ. १४ जुलैच्या संध्याकाळी डेक्कन हॉर्सचे स्वार भाले सरसावून हाय वुड या रानाजवळच्या उभ्या पिकात घुसले. ते रान पूर्ण हाती यायला १५ सप्टेंबर उजाडला.