हीट पंप बसला, पण विजेचा दर कोणता घ्यावा?

इंग्लंड-वेल्समध्ये हीट पंपाचे सरकारी अनुदान ऑक्टोबर २०२३ पासून साडेसात हजार पौंड झाले, आणि आपल्यापैकीही काही घरांतून गॅसचे बॉयलर निघू लागले. पंप बसवणारे काम उरकून जातात, वीज मात्र जुन्याच दराने येत राहते. मग पहिल्या हिवाळ्याचे बिल पाहून पंपालाच दोष दिला जातो. वास्तविक दोष बहुधा दराचा असतो.

हिशेब सोपा आहे. समजा, गॅस सहा पेन्स युनिट आणि वीज सव्वीस पेन्स. बॉयलरमध्ये थोडी उष्णता वाया जाते, म्हणून गॅसची ऊब युनिटला सुमारे सात पेन्सला पडते. चांगला बसवलेला पंप एका युनिट विजेत तीन युनिट ऊब देतो. म्हणजे तीच ऊब पावणेनऊ पेन्सला! पंप गॅसच्या बरोबरीला यायचा तर विजेचा सरासरी दर एकवीस पेन्सच्या आसपास हवा. हा आकडा ध्यानात ठेवावा.

हल्ली काही कंपन्या खास हीट पंपासाठी वेळेनुसार दर देतात. पहाटे, दुपारी व रात्री काही तास वीज स्वस्त. संध्याकाळी चार ते सात मात्र चांगलीच महाग. त्यासाठी दर अर्ध्या तासाची नोंद देणारा स्मार्ट मीटर लागतो. आता कडक थंडीच्या दिवशी घरात तीस युनिट वीज लागते असे धरा. पंधरा युनिट स्वस्तात, तेरा पेन्सने. तेरा युनिट सव्वीसने. आणि दोनच युनिट महाग वेळात, चाळीस पेन्सने. सरासरी पडते साडेवीसच्या आत. पण सव्वीसच्या दरातली तीन युनिटे महाग वेळात गेली, की सरासरी बावीसच्या घरात जाते आणि सगळा फायदा संपतो! महाग दर पंपापुरता नसतो, साऱ्या घराला लागतो, हेही विसरू नये. संध्याकाळचा ओव्हन आणि कपडे वाळवायचे यंत्र त्यातच आले.

म्हणून आधी घर पाहावे. भिंतींत व माळ्यावर नीट इन्सुलेशन असेल, तर दुपारच्या स्वस्त विजेवर घर एखादी डिग्री जास्त तापवून संध्याकाळ काढता येते. जुन्या, पोकळी नसलेल्या विटांच्या भिंतींचे घर मात्र तासाभरात गारठते. मग सातनंतर पंपाला फार गरम पाणी खेळवावे लागते, आणि तीनाचे अडीच होतात. घरात वृद्ध आईवडील किंवा तान्हे मूल असेल तर असले प्रयोग नकोतच; अशांना दिवसभर एकच, पण शक्य तितका कमी दर बरा. आंघोळीच्या पाण्याची टाकी तेवढी पहाटे तापवावी; ते कोणत्याही घरात जमते.

विजेच्या मोटारीसाठीच्या रात्रीच्या दराचा मोह अनेकांना पडतो. गाडी रात्री भरून ठेवता येते. पंप थंडीत दिवसभर चालतो आणि दिवसाचा चढा दर भरत बसतो. गाडी आणि पंप दोन्ही असतील, तर वर्षभराची अर्ध्या तासाची नोंद कंपनीकडून मागवून दोन्ही दरांनी हिशेब करून पाहावा. मुदतीपूर्वी सोडल्यास दंड नाही ना, हेही विचारावे.

गॅस पूर्ण बंद केला तर रोजचा स्थिर आकार वाचतो. तो वर्षाला शंभर पौंडांहून अधिक असतो. फुलक्यांसाठी गॅसची शेगडी ठेवली, तर तो भरत राहावा लागतो.