पांढऱ्या चट्ट्याचा तिसरा निकाल

रत्नागिरीस 2023 साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले याचा आनंद मलाही आहे; परंतु कुष्ठरोगाच्या पाहणीत हयात घालविलेली जिल्ह्यातील जुनी माणसे एकामागून एक निवृत्त झाली आणि त्यांच्या जागी त्या कामावर कोणी रुजू झाले नाही, हे शल्य त्या आनंदास लागून आहे.

कारण कुष्ठरोगाच्या पाहणीत दिसणाऱ्या फिकट चट्ट्यामागे कधी दुसराच रोग दडलेला असतो: त्वचेतील लिम्फोमा, म्हणजे लसिकापेशींचा कर्करोग. त्याची ओळख वैद्यकास करून दिली ती आलिबेर या फ्रेंच वैद्याने, 1806 साली. पुढील पावणेदोनशे वर्षे मी ओलांडून जातो, कारण त्या काळच्या ग्रंथांत भेटणारा रुग्ण गौरवर्णी, उतारवयाचा व अंगावर गाठी उठलेला असतो; आमच्याकडे येणाऱ्या सावळ्या, मिसरूडही न फुटलेल्या मुलाशी त्याचे काडीचे साम्य नाही.

1983 साली राष्ट्रीय कुष्ठरोग निर्मूलन कार्यक्रम अमलात आला, त्यापुढचे दशक मात्र मी डोळ्यांनी पाहिले. शाळेच्या पडवीत मुलांना सदरे काढून उजेडात उभे करावयाचे, डोळे मिटावयास सांगून चट्ट्यावर कापसाची बारीक वात टेकवावयाची, आणि स्पर्श झाला तेथे मुलाने अचूक बोट ठेवले की महारोगाच्या संशयितांतून त्याचे नाव कमी करावयाचे, असा शिरस्ता होता. शिरस्ता उत्तमच होता. पण त्यातून सुटलेल्यांस मग शिबे, गजकर्ण अथवा कोड यांपैकी एका सदरात ढकलले जाई, आणि मांड्या, नितंब, कुशी अशा उन्हापासून झाकलेल्या जागी, संवेदना शाबूत ठेवून, कोडासारखा दुधी न होता नुसताच फिकटणारा व वर्षानुवर्षे रेंगाळणारा चट्टा मायकोसिस फंगॉइडिसचा, म्हणजे लिम्फोमाचाच असू शकतो, आणि हे रूप विशेषतः सावळ्या वर्णाच्या मुलांत व तरुणांत आढळते, हे कोणाच्या खिजगणतीतही नसे. ज्या थोड्यांविषयी संशय येई त्यांच्या कातडीचा तुकडा फॉर्मॅलिनच्या बाटलीत घालून रात्रीच्या एस.टी.ने मुंबईस धाडावा लागे; आणि बाह्यत्वचेत शिरलेल्या लसिकापेशी पहिल्या तुकड्यात पुष्कळदा दिसतच नसल्यामुळे काही महिन्यांनी पुनश्च तीच यातायात.

पुढे 2005 अखेर देशातील कुष्ठरोगाचे प्रमाण दहा हजारांत एकाहून खाली आले, कागदोपत्री निर्मूलन जाहीर झाले, आणि रोगाबरोबर उघडे अंग निरखून पाहण्याची सवयही दप्तरात बांधून ठेवली गेली. तिची जागा घेतली स्टिरॉइडच्या ट्यूबने. 2018 साली सरकारने या मलमांस डॉक्टरच्या चिठ्ठीचे बंधन घातले खरे, पण दुकानाच्या फळीवर हुकमाची किंमत किती राहते हे कोणास सांगावयास नको. या मलमाने लिम्फोमाचा चट्टा तात्पुरता दबतो, त्वचेतील पेशी विरळ होतात, आणि तपासणीस पाठविलेला तुकडाही मग खोटी साक्ष देतो. हळहळ अधिक वाटते ती यासाठी, की वेळीच ओळखलेला हा रोग बहुधा अतिनील किरणांच्या उपचाराने आटोक्यात राहतो व मुलगा चारचौघांसारखे आयुष्य काढतो.

महाविद्यालयाच्या चालकांस विनंती एवढीच, की आठवड्यातून एक दिवस तालुक्याच्या ठिकाणी त्वचारोगतज्ज्ञ पाठवावा व संशयित चट्ट्याचा तुकडा तेथेच काढावा. आणि पालकांनी, झाकल्या अंगावरील चट्टा सहा महिन्यांत हटला नसेल तर, बायॉप्सीविषयी डॉक्टरांस विचारल्यावाचून त्यावर कोणतेही मलम चोळू नये.