मोटारसायकलच्या पुढून ठकठक येते? कारण शोधा!



आज घरोघरी मोटारसायकल आहे. दुधाचे कॅन, वाढ्यांचा भारा, खताची गोणी, पोरांची शाळा, सारे तिच्यावरच. साखळीची व इंजिन ऑईलची काळजी आपण घेतो. पण पुढून ठकठक येऊ लागली की "रस्ताच खराब आहे" म्हणून सोडून देतो. हे बरे नव्हे. ब्रेक दाबला की गाडीचा भार पुढे येतो. गळीत हंगामात रात्री उसाच्या ट्रॉलीमागे एकदम थांबायची वेळ आली, तर पुढची ढिलाई जिवावर बेतू शकते.

गोराईचे उदाहरण

मुंबईला नोकरी करणाऱ्या आपल्या मुला-पुतण्यांना बोरिवलीपलीकडची गोराई ठाऊक असेल. तेथे बोटीतून माणसांबरोबर मोटारसायकलीही खाडी ओलांडतात; सडकेने जायचे तर भाईंदर-उत्तनवरून मोठा वळसा पडतो. खारी हवा, खाडीचे पाणी आणि किनाऱ्याची वाळू हे तिन्ही लोखंडाचे वैरी.

हँडल ज्यावर फिरते, तेथे वर व खाली अशी दोन बेअरिंगे असतात. मेकॅनिक त्यांना कोनसेट म्हणतात. खालच्यावर भार जास्त, आणि चाकाने उडवलेले पाणीही आधी तेथेच पोचते. ग्रीस धुऊन गेले की गंज चढतो, वाट्यांना खड्डे पडतात आणि ठकठक सुरू होते.

आपल्याकडे समुद्र नाही. पण बहुतेक रासायनिक खते म्हणजे क्षारच! त्यात पाटाचा चिखल आणि जोराच्या फवाऱ्याने गाडी धुण्याची सवय. म्हणजे गोराईचा आजार उसाच्या बांधावरही होतोच.

घरच्या घरी तपासणी

१) आधी सोपे पाहा. मडगार्ड, हेडलाईट, नंबरप्लेट यांचे बोल्ट व पुढच्या आसाचा नट ढिला नाही ना? हँडलला किटली अडकवली असेल तर काढा. निम्मे आवाज येथेच सापडतात.

२) गाडी डबल स्टँडवर घ्या. मागे एकाने दाबून धरून पुढचे चाक उचलू द्या. शॉकअपचे खालचे टोक धरून पुढे-मागे हलवा. हँडलच्या मुळाशी बोटाला 'टक' जाणवली, तर कोनसेट ढिला आहे.

३) आता हँडल सावकाश डावी-उजवीकडे फिरवा. बरोबर मध्यावर अडकल्यासारखे झाले, तर वाट्यांना खड्डे पडले आहेत. नट आवळून उपयोग नाही. वाट्या व छर्रे असा पूर्ण संचच बदलावा.

४) चाक वर-खाली धरून आडवे हलवा. खेळ जाणवला, किंवा फिरवताना घरघर आली, तर चाकाचे बेअरिंग गेले समजा.

५) चाक जमिनीवर ठेवून पुढचा ब्रेक धरा आणि गाडी पुढे-मागे ढकला. येथे आवाज आला, पण दुसऱ्या व चौथ्या तपासणीत काही सापडले नव्हते, तर ब्रेकचे पॅड, कॅलिपरचे बोल्ट किंवा ड्रमची अडक पाहा.

६) ब्रेक धरूनच हँडल जोराने खाली दाबून सोडा. दणका बसला, किंवा शॉकअपच्या चकचकीत नळीवर तेल दिसले, तर ऑईल सील गेले आहे, ऑईल कमी आहे किंवा बुश झिजले आहेत. १९३५ साली जर्मनीच्या बीएमडब्ल्यू कंपनीने तेलाने दणका जिरवणारे असे शॉकअप आपल्या गाड्यांना लावले; आजही काम तेच. तेल गेले की उरते ते नुसते स्प्रिंगचे उसळणे. ऑईल भरताना दोन्ही बाजूंना पुस्तिकेत दिले तेवढेच आणि सारखे भरावे.

आवळताना सांभाळा

ढिलाई घालवायची म्हणून कोनसेट करकचून आवळू नका. हँडल जड होते, गाडी सरळ धरता येत नाही, वाट्याही लवकर बिघडतात. चाक उचलल्यावर हलका धक्का देताच हँडल आपसूक दोन्ही बाजूंना पडले पाहिजे, आणि 'टक' मात्र नको. इतके जमले की काम बरोबर झाले.

तपासणीला अर्धा तास लागतो, पैसा लागत नाही. मोळी पडण्यापूर्वी ट्रॅक्टर आणि ट्रॉलीची डागडुजी आपण करतोच. त्याच दिवशी दारातल्या मोटारसायकलचेही पुढचे चाक उचलून पाहावे. मेकॅनिककडे जाल तेव्हा नुसते "आवाज येतो" म्हणू नका. कोणत्या तपासणीत आला ते सांगा. नको तो भाग बदलण्याचा खर्च वाचेल.