माउस आपला, कासरा कुणाचा?

आज एका लहानशा वस्तूबद्दल बोलायचे आहे. ती मुठीत मावते. शाळेतल्या संगणकाशेजारी ती असते, दाखले काढून देणाऱ्याच्या टेबलावर असते, आणि आता पुष्कळ घरांतही असते. तिला आपण माउस म्हणतो. उंदराला शेपूट तशी हिला वायर, म्हणून हे नाव.

हल्ली या माउसची एक महागडी जात बाजारात मिळते. तिला गेमिंग माउस म्हणतात. घरातला मुलगा हट्टाने तो आणवतो, संगणकाला जोडतो, त्याचे सॉफ्टवेअर चालू करतो, आणि काही कंपन्यांच्या बाबतीत पडद्यावर मागणी येते की, आधी आमच्याकडे खाते उघडा. ई-मेल द्या, पासवर्ड ठरवा. वडीलधारी माणसे म्हणतात, “अरे, खाते बँकेत काढतात, पोस्टात काढतात. माउसला खाते कशाला?” प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर आज पाहू.

अमेरिकेत डग्लस एंगेलबार्ट नावाचे एक संशोधक होते. त्यांच्या कल्पनेवरून त्यांचे सहकारी बिल इंग्लिश यांनी 1964 च्या सुमारास पहिला माउस तयार केला. लाकडाची एक ठोकळी, खाली दोन चाके आणि वर एक बटण, एवढाच तो होता. 1968 च्या डिसेंबरात एंगेलबार्ट यांनी माउस मोठ्या सभेपुढे चालवून दाखवला. त्याचे काम तेव्हाही एकच होते आणि आजही तेच आहे. हात किती सरकला आणि बटण दाबले की नाही, एवढे संगणकाला कळवायचे.

मग गेमिंग माउसमध्ये विशेष ते काय? आता चाके गेली. माउसच्या पोटाशी एक बारीक दिवा आणि एक बारीक कॅमेरा असतो. तो टेबलाच्या पृष्ठभागाची सेकंदाला हजारो चित्रे घेतो आणि दोन चित्रांतल्या फरकावरून हात किती हलला ते ठरवतो. एक इंच सरकल्यावर माउस किती टप्पे मोजतो, त्या आकड्याला डीपीआय म्हणतात. समजा हा आकडा 800 आहे आणि पडदा 1920 ठिपके रुंद आहे. मग पडद्याच्या या टोकापासून त्या टोकाला जायला हात अडीच इंचांच्या आसपास सरकवावा लागेल. आकडा 1600 केला की सव्वा इंचात काम होते. दुसरी गोष्ट म्हणजे, साधा माउस संगणकाला सेकंदाला सुमारे 125 वेळा खबर देतो, तर गेमिंग माउस 1000 वेळा देतो. खेळात नेम धरायचा असतो, म्हणून हा फरक. शिवाय अंगठ्याजवळ जादा बटणे असतात. कोणत्या बटणाने काय करायचे, ते आपण ठरवू शकतो.

ही बटणे केवळ खेळापुरती नाहीत, बरं का! दिवसभर नोंदी करणाऱ्या कारकुनाला एका बटणावर ‘कॉपी’ आणि दुसऱ्यावर ‘पेस्ट’ ठेवता येते. ज्या विद्यार्थ्याचा एकच हात चालतो, त्याला तर अशा माउसचा मोठाच आधार होतो. म्हणून शिक्षकांनीही हा विषय पोरखेळ समजून सोडून देऊ नये.

आता ड्रायव्हरकडे वळू. हा ड्रायव्हर एस.टी.चा नव्हे. माउसची भाषा एक, संगणकाची दुसरी. मधला दुभाषा म्हणजे ड्रायव्हर. पूर्वी नवे यंत्र घेतले की त्याचा दुभाषाही बरोबर आणावा लागे. 1996 मध्ये यूएसबीची जोडणी आली. माउस, कीबोर्ड यांसारख्या साधनांनी संगणकाशी कोणत्या समाईक भाषेत बोलायचे, हेही त्या व्यवस्थेत ठरवून दिले गेले. या भाषेचा दुभाषा विंडोज, लिनक्स यांसारख्या प्रणालींत आधीपासूनच बसवलेला असतो. म्हणून कोणताही यूएसबी माउस जोडा, बाण लगेच हलू लागतो. त्यासाठी इंटरनेट लागत नाही, खाते लागत नाही, कोणाची परवानगी लागत नाही. गेमिंग माउसलाही हे लागू आहे.

अडचण येते ती पुढे. जादा बटणांना कामे नेमून द्यायची, डीपीआय बदलायचा, दिव्याचा रंग ठरवायचा, तर कंपनीचे स्वतःचे सॉफ्टवेअर घ्यावे लागते. आणि इथे एक गोष्ट नीट ध्यानात धरावी. आपण केलेली ही मांडणी तीन ठिकाणी राहू शकते. पहिले ठिकाण माउसच्याच पोटातली स्मरणचिप. दुसरे आपला संगणक. तिसरे कंपनीचा दूरवरचा सर्व्हर. मांडणी माउसमध्ये असेल, तर माउस कोणत्याही संगणकाला जोडा, बटणे ठरल्याप्रमाणे चालतात. संगणकात असेल, तर त्या संगणकापुरती चालतात. ती कंपनीच्या सर्व्हरवर असेल, तर ही मांडणी कोणाची हे कंपनीला ओळखावे लागते, आणि ओळखण्यासाठी खाते लागते. माउसला खाते का, याचे एक उत्तर हे आहे. दुसरे उत्तर व्यापाराचे. खात्यामुळे ग्राहक कोण, त्याने काय घेतले, उद्या त्याला काय विकता येईल, हे कंपनीला कळते.

याचा प्रत्यय 2012 साली आला. रेझर ही गेमिंगची साधने बनवणारी नामांकित कंपनी. तिच्या ‘नागा’ नावाच्या माउसला अंगठ्याखाली 12 बटणे असतात. एका ग्राहकाने तो घेतला. सिनॅप्स नावाचे त्याचे सॉफ्टवेअर खाते मागत होते. त्याने ते काढले. पण कंपनीचा सर्व्हर बंद पडला होता, त्यामुळे खाते चालू होईना. इंटरनेटशिवाय चालण्याची सोय त्या सॉफ्टवेअरमध्ये होती. पण ती मिळायची एकदा खाते चालू झाल्यावरच! पैसे मोजलेले, माउस हातात, आणि त्याचे खास गुण मात्र बंद. या तक्रारीची पुष्कळ चर्चा झाली.

कंपनीचे म्हणणेही ऐकले पाहिजे. तिच्या प्रमुखांनी उत्तर दिले की, सॉफ्टवेअर नसले तरी माउस साधा माउस म्हणून चालतोच; आणि मांडणी सर्व्हरवर ठेवल्याने ग्राहकाला ती कोणत्याही संगणकावर मिळते. यात तथ्य आहे. पण ग्राहकाने जादा पैसे मोजले ते त्या 12 बटणांसाठी, साध्या माउससाठी नव्हे. बैल आपल्या दावणीला बांधला आणि कासरा विकणाऱ्याच्याच हातात राहिला, तर तो बैल पुरता आपला झाला असे कसे म्हणावे? पुढे त्याच सॉफ्टवेअरच्या तिसऱ्या आवृत्तीत खाते न काढता पाहुणा म्हणून शिरण्याची सोय झाली. लॉजिटेक कंपनीच्या जी हब या सॉफ्टवेअरमध्येही खाते काढणे ऐच्छिक आहे. म्हणजे खात्याविना हे काम होऊ शकते, हे उघड आहे.

खात्याची आणखी एक बाजू आहे. आपण दिलेली माहिती कोठेतरी साठते, आणि साठलेली वस्तू कधी उघडीही पडते. 2020 साली रेझरच्याच ऑनलाइन दुकानातील ग्राहकांची नावे, ई-मेल, फोन नंबर आणि पत्ते चुकीच्या जोडणीमुळे काही आठवडे इंटरनेटवर उघडे राहिले. असे ग्राहक सुमारे एक लाख असावेत, असा अंदाज ते शोधून काढणाऱ्याने केला. ही माहिती दुकानाची होती, माउसच्या खात्यांची नव्हे. पण बोध तोच. जी माहिती दिलीच नाही, ती उघडी पडत नाही.

मुलांच्या बाबतीत तर अधिकच जपावे. आपल्या संसदेने 2023 साली वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला. त्याचे नियम 2025 च्या नोव्हेंबरात जाहीर झाले आणि त्याचा अंमल टप्प्याटप्प्याने होणार असे ठरले. या कायद्यात 18 वर्षांखालील व्यक्तीला बालक मानले आहे, आणि बालकाची माहिती वापरण्यापूर्वी पालकांची पडताळता येईल अशी संमती घेण्याचे बंधन घातले आहे. तेव्हा मुलाने खोटी जन्मतारीख टाकून खाते काढले, तर त्याच्यासाठी केलेले संरक्षण तो स्वतःच दूर सारतो. मुलांना हे समजावून सांगावे.

मग आपण काय करावे? माउस घेण्यापूर्वी तीन प्रश्न विचारा. मांडणी माउसच्या पोटात राहते का? सॉफ्टवेअर खात्याशिवाय चालते का? एकदा मांडणी केल्यावर इंटरनेट नसले तरी बटणे ठरल्याप्रमाणे चालतात का? दुकानदाराला सांगता आले नाही, तर त्या माउसबरोबरची माहिती-पुस्तिका पाहा. तिन्हींचे उत्तर ‘होय’ असेल तर खुशाल घ्या.

माउस आधीच घरात असेल, तर सॉफ्टवेअरमध्ये पाहुणा म्हणून जाण्याचा मार्ग आहे का ते शोधा. मांडणी माउसमध्ये साठवता येत असेल, तर एकदाच ती साठवा. मग ते सॉफ्टवेअर काढून टाकले तरी चालते. ज्या शाळांत लिनक्स आहे, त्यांच्यासाठी पायपर नावाचे मोफत साधन आहे. पुष्कळ गेमिंग माउसांची बटणे आणि डीपीआय त्याने खात्याविना बदलता येतात. खाते काढावेच लागले, तर बँकेचा पासवर्ड तिथे वापरू नका आणि गरजेपेक्षा जास्त माहिती देऊ नका.

गुरुजींना एक विनंती. शाळेत दहा संगणक असतील आणि इंटरनेट मधूनमधून जात असेल, तर खाते मागणारी साधने घेऊच नका. साधा यूएसबी माउस जोडताक्षणी चालतो आणि शिकण्याच्या कामाला तो पुरतो. वर्गात हा विषय निघाला, तर मुलांना एवढेच विचारा, “वस्तू तुम्ही घेतलीत, ती चालवायला अजून कोणाला विचारावे लागते का?” हा प्रश्न आज माउसला लागू आहे. उद्या टीव्हीला, पंपाला, ट्रॅक्टरलाही तो विचारावा लागेल. मुलांना आतापासून त्याची सवय लागलेली बरी.