बी-८१४ : एका सर्दीची फाइल

सर्दी मोजायची कशी? तापाला थर्मामीटर आहे, पण वाहत्या नाकाचा आकडा कुठून काढणार? इंग्लंडमध्ये सॉल्सबरीजवळच्या कॉमन कोल्ड युनिटनं यावर बिनखर्ची उपाय काढला होता. माणसानं दिवसभरात वापरलेले कागदी रुमाल मोजायचे. पुढे पुढे तर ते तोलायचेसुद्धा. २०२० च्या टाळेबंदीत घरोघरी कोविड चाचणीतल्या सीटी व्हॅल्यूवर चर्चा झडत होत्या, तेव्हा मी या रुमालांत अडकले. अजून सुटलेले नाही.

हे युनिट म्हणजे मुळात १९४१ साली हार्वर्ड विद्यापीठ आणि अमेरिकन रेडक्रॉस यांनी युद्धकाळातल्या साथींसाठी उभारलेलं बराकींचं रुग्णालय. युद्धानंतर ते ब्रिटिशांकडे आलं आणि १९४६ पासून तिथं सर्दीवर काम सुरू झालं. स्वयंसेवकांना दहा दिवस राहणं-जेवण फुकट, वर दिवसाला तीन शिलिंग हातखर्ची. बदल्यात नाकात थेंब घालून घ्यायचे आणि खोलीतले एक-दोन सोबती सोडून बाकीच्यांपासून तीस फूट लांब राहायचं. थेंबांत विषाणू आहे की काहीच नाही, हे कुणी सांगायचं नाही. विद्यार्थी अभ्यासाला यायचे, काही जोडपी तर मधुचंद्रालाही. विलगीकरणाच्या नावानं आपल्या पोटात गोळा यायचा. तिथं लोक पुन्हा पुन्हा नाव नोंदवत होते.

डेव्हिड टायरेल हे या युनिटचे प्रमुख. १९६० च्या सुमारास सरे परगण्यातल्या एका निवासी शाळेतल्या मुलाच्या नाकाचं धुवण त्यांच्याकडे आलं. त्याला क्रमांक मिळाला बी-८१४. स्वयंसेवकांच्या नाकात घातलं की हमखास सर्दी व्हायची, पण प्रयोगशाळेतल्या नेहमीच्या पेशींमध्ये काही केल्या वाढायचं नाही. मग स्वीडनमधल्या लुंडहून बर्टिल हूर्न आले. श्वासनलिकेचे बारीक तुकडे काचपात्रात जिवंत ठेवायची विद्या त्यांना अवगत होती. त्या तुकड्यांवरचे सूक्ष्म केस सूक्ष्मदर्शकाखाली लवलवताना दिसत. त्यांच्यात बी-८१४ रुजला. पण रुजला हे ओळखायचं कसं, तर पात्रातला द्रव पुन्हा माणसाच्या नाकात घालून! तेव्हाची ‘टेस्ट’ म्हणजे शिंकणारा माणूस. १९६५ साली टायरेल आणि त्यांचे सहकारी बायनो यांनी हे सगळं प्रसिद्ध केलं. ईथर घातलं की हा विषाणू मरतो, हेही त्यांनी नोंदवलं होतं. म्हणजे त्याच्याभोवती स्निग्ध पदार्थाचं वेष्टण आहे. आपण दोन वर्षं वीस-वीस सेकंद साबणानं हात चोळले, त्यामागचं रसायन तेव्हाच कागदावर आलेलं होतं.

विषाणू कसा दिसतो, हे मात्र कुणालाच माहीत नव्हतं. इथं या गोष्टीत जून अल्मेडा येते, आणि खरं सांगायचं तर हा लेख तिच्यासाठीच आहे.

जून हार्टचा जन्म ग्लासगोतला, १९३० चा. वडील बस चालवायचे. विद्यापीठाचा खर्च झेपणारा नव्हता, म्हणून सोळाव्या वर्षी शाळा सोडून ती तिथल्या इस्पितळात प्रयोगशाळा-तंत्रज्ञ म्हणून लागली. एनरिकेस अल्मेडा या व्हेनेझुएलाच्या चित्रकाराशी लग्न केलं आणि दोघं कॅनडाला गेली. टोरांटोच्या कर्करोग संस्थेत तिचा इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकावर असा हात बसला, की पदवी नसताना शोधनिबंधांवर तिचं नाव झळकू लागलं. १९६४ मध्ये विषाणुतज्ज्ञ टोनी वॉटरसन यांनी तिला लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयाच्या वैद्यकीय महाविद्यालयात आणलं.

तिचं काम असं चाले. तांब्याच्या इवल्याशा जाळीवर कार्बनचा पातळ पापुद्रा, त्यावर नमुन्याचा थेंब, मग फॉस्फोटंग्स्टिक आम्लाचं द्रावण. हे द्रावण कणांभोवती साचतं आणि काळ्या पार्श्वभूमीवर विषाणू पांढरा उठून दिसतो. पण नमुन्यात कण विरळ असले तर शोधायचे कुठं? त्यासाठी ती प्रतिपिंडं मिसळायची. प्रतिपिंडं विषाणूंना एकत्र बांधतात, मग एकेकटे कण हुडकायच्या ऐवजी घोळका सापडतो.

टायरेलना फारशी आशा नव्हती. त्यांनी बी-८१४ बरोबर इन्फ्लुएन्झा आणि हर्पिसचे ओळखीचे नमुनेही धाडले. अल्मेडानं ओळखीचे तर ओळखलेच, पण बी-८१४ बघून ती म्हणाली, हे मी आधी पाहिलंय. कोंबड्यांच्या ब्राँकायटिसमध्ये आणि उंदरांच्या यकृतदाहात तिला असेच कण दिसले होते. त्यावर लिहिलेला तिचा निबंध मात्र साभार परत आला होता. परीक्षकांचं म्हणणं, हे इन्फ्लुएन्झाचेच कण आहेत, फोटो वाईट आलेत. परीक्षकांची नावं टायरेल यांच्या आठवणींत नाहीत. बरंच झालं. ज्याला आजवर एकच गोष्ट माहीत आहे त्याला दुसरी दिसली की तो पहिलीचाच फोटो बिघडला असं म्हणतो, आणि ही खोड परीक्षकांपुरती नाही. अल्मेडानं ते फोटो मनातून पुसले नव्हते, एवढंच.

१९६७ मध्ये तिचे आणि टायरेलचे फोटो छापून आले. शिकागोत डोरोथी हामरे यांना सापडलेला २२९-ई हाही त्याच कुळातला निघाला. १९६८ मध्ये आठ विषाणुतज्ज्ञांनी ‘नेचर’ला टिपण पाठवून कुळाचं नाव ठरवलं : करोना. पुढचा सगळा इतिहास वाचकांनी स्वतः भोगलेला आहे.

आता पुणे. ३० जानेवारी २०२० ला देशातला पहिला कोविड रुग्ण केरळात निश्चित झाला, तो इथल्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेच्या तपासणीतून. त्या तपासणीमागची आरटीपीसीआर ही थोर युक्ती आहे, पण ती विचारते नाव घेऊन : अमुक जनुकीय क्रम आहे का? तो क्रम चीनमधून जानेवारीत जाहीर झाला म्हणून बर्लिनच्या प्रयोगशाळेला काही दिवसांत चाचणी रचता आली. सूक्ष्मदर्शकाला नाव लागत नाही. पुण्याच्या चमूनं त्या पहिल्या रुग्णाच्या घशातला स्राव तांब्याच्या जाळीवर घेतला, फॉस्फोटंग्स्टिक आम्लानंच रंगवला आणि सात कण टिपले. त्यांतला सर्वांत नीट टिकलेला ७५ नॅनोमीटरचा. पद्धत जवळजवळ अल्मेडाचीच. ती २००७ मध्येच वारली होती.

उपचारांची कथा थोडक्यात उरकते, कारण तिथं आपण शिकायला फार वेळ लावला. १९८० च्या दशकात सॉल्सबरीत इंटरफेरॉन नाकात फवारून पाहिलं होतं. आधीपासून घेतलं तर करोनाची सर्दी बऱ्यापैकी टळायची. २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं रुग्णालयात दाखल झालेल्यांना इंटरफेरॉन दिलं, तेव्हा फायदा दिसला नाही. हायड्रॉक्सिक्लोरोक्विनचंही तेच. कामी आलं जुनं, स्वस्त डेक्सामेथासोन, आणि तेही विषाणूवर नव्हे, शरीराच्या अतिरेकी दाहावर. ऑक्सफर्डच्या ‘रिकव्हरी’ चाचणीत व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांचे मृत्यू ४१.४ टक्क्यांवरून २९.३ टक्क्यांवर आले. आपल्याकडे ३९ रुग्णालयांतल्या ४६४ रुग्णांवर बऱ्या झालेल्यांच्या प्लाझ्माची चोख चाचणी झाली आणि उपयोग नाही हे ऑक्टोबर २०२० मध्ये छापूनही आलं. तरी मार्गदर्शक सूचनांतून प्लाझ्मा गेला मे २०२१ मध्ये. तोवर व्हॉट्सअ‍ॅपवर ‘बी पॉझिटिव्ह डोनर हवा’ चालूच होतं. नातेवाइकांना दोष देता येत नाही. सूचना लिहिणाऱ्यांना येतो.

सॉल्सबरीचा आणखी एक प्रयोग सांगायचा राहिला. १५ स्वयंसेवकांच्या नाकात २२९-ई घातला. दहा जणांना संसर्ग झाला, आठ जणांना सर्दी. वर्षानं चौदा जण परत आले. आधी संसर्ग झालेल्या नऊपैकी सहा जणांना तो पुन्हा झाला, पण सर्दी एकालाही नाही. एकदा झाला की पुन्हा होतो का, झालाच तर किती त्रास देतो, हा २०२० मधला लाखमोलाचा प्रश्न. त्याचा निदान अर्धा जबाब १९९० साली छापलेला होता. त्याच वर्षी युनिटला कुलूप लागलं.

बी-८१४ आज कुणाकडेच नाही. त्याचा जनुकीय क्रम कधी काढला गेला नाही आणि नमुना उरला नाही. त्यामुळे आज माणसांत फिरणाऱ्या सर्दीच्या चार करोनांपैकीच तो एक होता की वेगळाच पाचवा, हे ठरवायला मार्ग नाही. देशभरच्या प्रयोगशाळांत २०२० चे जे नमुने गोठवून ठेवलेले असतील, ते जागा हवी म्हणून कुणी फेकून देऊ नयेत, एवढी विनंती.