मुरुमांचे डाग आणि दुकानातले मलम

लग्नसराईत वणीच्या कटलरी दुकानांत मुरुमांचे डाग घालवणारे मलम मागितले जाते. व्यापारी बांधवांनी डबीवरचा मजकूर वाचूनच माल भरावा. बेटामेथासोन, क्लोबेटासोल लिहिले असेल तर ते स्टिरॉइड. सुरुवातीला चेहरा साफ दिसतो, गिऱ्हाईक खूश होते. पुढे कातडी पातळ होऊन लाली येते, मुरुम जोराने उठतात. कापडाचा कच्चा रंग एका धुण्यात कळतो, हे उशिरा कळते. स्टिरॉइड मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच विकायची, हा नियम 2018 साली आणखी कडक झाला. औषध परवान्याशिवाय ती ठेवणे हाच गुन्हा आहे. बिननावाची गोरेपणाची डबी त्याहून घातक. अशा मलमातील पाऱ्याने अकोल्यातील एकाच घरातील तिघींची मूत्रपिंडे बिघडल्याचे 2023 साली उघड झाले.

काळे डाग ऊन टाळल्यास काही महिन्यांत फिके होतात. खड्डे मात्र मलमाने भरत नाहीत, त्याला त्वचारोगतज्ज्ञच हवा. लिंबू चोळणे तर नाजूक कातडीला जाळणेच आहे. डाग झाकायचे असतील तर बिनतेलाचे, बिनवासाचे फाउंडेशन घ्यावे, आधी जबड्याखाली थोडे लावून दोन दिवस पाहावे आणि रात्री झोपण्यापूर्वी चेहरा न घासता धुवावा.