वजन उतरल्यावरची शस्त्रक्रिया आणि घरची शुश्रूषा

स्थूल माणसाला वजन कमी करण्याचा उपदेश करणारे पावलोपावली भेटतात. परंतु वजन खरोखरच उतरल्यावर त्याच्या शरीराची काय स्थिती होते हे सांगणारा क्वचितच भेटतो. चाळीस-पन्नास किलो वजन कमी करून दाखवणाऱ्याचे आपण तोंडभरून कौतुक करतो. त्याचा मधुमेह आटोक्यात येतो, गुडघे हलके होतात, जिना चढताना धाप लागेनाशी होते. हे सारे खरे. पण कपड्यांच्या आड एक गोष्ट मागे राहिलेली असते. ओटीपोटावरची कातडी रिकाम्या थैलीसारखी खाली लोंबत असते. तिच्या घडीत घाम साचतो, बुरशी धरते, कातडी सोलवटते आणि उन्हाळ्यात तर चालणेसुद्धा नकोसे होते. ही लोंबती कातडी काढून पोट पुन्हा नीट बांधण्याची जी शस्त्रक्रिया आहे, तिच्याविषयी, आणि विशेषतः तिच्यानंतरच्या दिवसांविषयी, आम्ही येथे विचार करणार आहोत.

पहिला प्रश्न साहजिकच असा येतो की, ही हौस नव्हे काय? व्यायामाने कातडी आवळणार नाही काय? याचे उत्तर कातडीच्या रचनेतच आहे. कातडीच्या आतल्या थरात दोन प्रकारचे तंतू असतात. कोलॅजेनचे तंतू तिला बळकटी देतात आणि इलॅस्टिनचे तंतू तिला ताणून पूर्ववत होण्याचा गुण देतात. विजारीची नाडी आणि रबर यांत जो फरक, तोच या दोघांत. वर्षानुवर्षे ताणलेल्या कातडीतील हे तंतू विरळ होतात, तुटतात आणि मग आतली चरबी गेली तरी कातडी मागे सरत नाही. व्यायामाने स्नायू बळावतात. पण जुन्या, ढिल्या पडलेल्या रबराला व्यायाम शिकवता येत नाही. ज्याने कष्टाने वजन उतरवले त्याच्या अंगाशी ही कातडी राहते, यात त्याचा आळस नाही. उलट ती त्याच्या कष्टांची खूण आहे.

शरीराची बिघडलेली ठेवण पुन्हा नीट करणे ही आपल्याकडे नवी गोष्ट नाही. १७९४ साली लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये कावसजी नावाच्या एका गाडीवानाचे वर्णन छापून आले. टिपूच्या सैनिकांनी त्याचे नाक कापले होते आणि पुण्याकडच्या एका कारागिराने कपाळावरची कातडी वळवून ते पुन्हा घडवले होते. त्या गाडीवानाला नटवा म्हणणे आपल्याला सुचत नाही. मग वजन उतरवलेल्या गृहिणीने किंवा कारकुनाने ही शस्त्रक्रिया करवून घेतली, तर तेवढ्यानेच त्यांना नटवे का म्हणावे?

अर्थात ही शस्त्रक्रिया वजन कमी करण्याची नव्हे, हे आरंभीच स्पष्ट केले पाहिजे. ती वजन कमी झाल्यानंतरची आहे. वजन निदान सहा महिने एका ठिकाणी स्थिर राहिले पाहिजे; जठराची शस्त्रक्रिया करून वजन उतरवले असेल, तर साधारण वर्ष-दीड वर्ष थांबावे लागते. २०२५ पासून आपल्या देशात वजन उतरवणारी आठवड्याच्या आठवड्याला टोचून घेण्याची नवी औषधे मिळू लागली आहेत. त्यांच्यामुळे जठर सावकाश रिकामे होते, म्हणून ती घेणाऱ्याने भूल देणाऱ्या डॉक्टरांना ते आधीच सांगितले पाहिजे. पोटात अन्न राहिले, तर भुलेत ते श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो. आणि तंबाखू तर सर्वस्वी सोडलीच पाहिजे, शस्त्रक्रियेच्या आधी निदान चार आठवडे आणि नंतरही. येथे तंबाखू म्हणजे केवळ विडी-सिगारेट नव्हे. दातांना लावायची मिश्री ही तंबाखूच होय, याचा आपल्या कित्येक घरांत विसर पडतो. तिच्यातील निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि जखमेच्या कडा रक्तावाचून काळ्या पडतात.

शस्त्रक्रियेत काय करतात? ओटीपोटाच्या खालच्या बाजूस एका कमरेपासून दुसऱ्या कमरेपर्यंत आडवी चीर घेतात. वरची कातडी आणि चरबी स्नायूंपासून मोकळी करतात, ढिली कातडी कापून टाकतात आणि उरलेली खाली ओढून शिवतात. बेंबी आपल्या देठावर जागच्या जागीच राहते. तिच्यासाठी वरच्या कातडीत नवे छिद्र करतात. पोटाच्या मधोमध उभे असलेले दोन स्नायू एकमेकांपासून दूर सरकले असतील, तर त्यांना टाके घालून पुन्हा जवळ आणतात. फार वजन उतरलेल्यांना कित्येकदा आडव्या चिरेबरोबर उभी चीरही घ्यावी लागते. अशी शस्त्रक्रिया अमेरिकेत बाल्टिमोर येथे हॉवर्ड केली यांनी १८९९ साली वर्णिली. योगायोग असा की, त्याच वर्षी शिकागोच्या एमिल रीस यांनी पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर रोग्याला लवकर उठवावे, असे मत मांडले. त्या काळी अशा रोग्यांना आठवडेच्या आठवडे निजवून ठेवण्याची रीत होती. रीस यांचे म्हणणे सर्वमान्य व्हायला दुसऱ्या महायुद्धाचा काळ उजाडावा लागला. कातडी कापण्याचे कौशल्य लोकांनी लवकर उचलले. रोग्याला उठवण्याचे शहाणपण पचायला मात्र चाळीसएक वर्षे लागली.

ही गोष्ट आम्ही मुद्दाम सांगतो, कारण शस्त्रक्रिया तीन-चार तासांत संपते, पण बरे होणे घरी होते, आणि आपल्या घरांतून शुश्रूषेच्या ज्या कल्पना रूढ आहेत, त्यांतील काही येथे अगदी उलट्या पडतात. माया खरी असते, परंतु मायेलाही माहितीची जोड लागते.

पहिली कल्पना अंथरुणाची. ‘पोट कापले आहे, हलू नकोस’ असे घरातील वडीलधारी माणसे कळवळ्याने म्हणतात. वास्तविक या शस्त्रक्रियेनंतरचा सर्वांत गंभीर धोका पोटात नसून पायात असतो. माणूस निजून राहिला की पायांच्या खोल शिरांतील रक्त संथ होते आणि त्याची गुठळी बनू शकते. अशी गुठळी सुटून फुप्फुसात जाऊन अडकते, हे जर्मन वैद्य फिर्खो यांनी एकोणिसाव्या शतकातच दाखवून दिले. प्लॅस्टिक सर्जरीच्या शस्त्रक्रियांमध्ये पोटाच्या या शस्त्रक्रियेत तो धोका विशेष समजला जातो. म्हणून डॉक्टर त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी रोग्याला धरून उभे करतात, थोडे चालवतात आणि आवश्यक तेव्हा रक्त पातळ ठेवणारी इंजेक्शने देतात. घरी आल्यावरही जागेपणी दर दोन तासांनी चार पावले टाकलीच पाहिजेत. पलंगावर पडल्या पडल्या पावले वरखाली हलवीत राहावे. आणि एक गोष्ट निक्षून सांगितली पाहिजे. पोटरी दुखू लागली, तर पाय चेपून देऊ नयेत. पाय चेपणे ही आपल्याकडे सेवा समजली जाते. परंतु एकच पोटरी सुजली, दुखू लागली, तर ती चेपण्याऐवजी तडक डॉक्टरांकडे गेले पाहिजे. अचानक धाप लागली, छातीत दुखले किंवा थुंकीतून रक्त आले, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

चालायचे, पण ताठ नव्हे. पोटाची कातडी ओढून शिवलेली असल्यामुळे पहिला आठवडा-दीड आठवडा कमरेत किंचित वाकूनच चालावे लागते. झोपतानाही पाठीमागे दोन-तीन उशा आणि गुडघ्यांखाली एक उशी, अशी आरामखुर्चीसारखी ठेवण हवी. जमिनीवरची गादी, पाट आणि भारतीय पद्धतीचा संडास ही तीन ठिकाणे काही आठवडे वर्ज्य समजावीत. घरी सोय नसेल, तर कमोडची खुर्ची आणावी. खोकला किंवा शिंक आली, तर पोटावर उशी घट्ट धरावी. बद्धकोष्ठ होऊ देऊ नये. वेदनाशामक औषधांनी ते होतेच, म्हणून पाणी भरपूर प्यावे आणि डॉक्टरांना विचारून इसबगोलासारखे काही घ्यावे.

दुसरी कल्पना पट्ट्याची. बाळंतिणीचे पोट आवळून बांधण्याची आपल्याकडे चाल आहे, म्हणून पट्टा जितका आवळावा तितके पोट आत जाईल, असे वाटते. बहुतेक शल्यविशारद सहा आठवड्यांच्या आसपास पट्टा वापरायला सांगतात, तो सूज कमी राहावी आणि आधार मिळावा म्हणून. फाजील आवळलेल्या पट्ट्याने पोटातील दाब वाढतो, श्वास उथळ होतो आणि पायांतून परत येणारे रक्त अडते. पट्ट्याखाली हाताचा पंजा सरकला पाहिजे, एवढे साधे माप पुरे.

तिसरी कल्पना शेकाची. दुखते तेथे गरम पाण्याची पिशवी ठेवणे हा आपला घरोघरचा उपाय. परंतु या शस्त्रक्रियेत कातडीकडे जाणाऱ्या बारीक मज्जा तुटतात आणि बेंबीखालचा भाग महिनोन्‌महिने बधिर राहतो; काही भागाची संवेदना पुरती परतही येत नाही. बधिर कातडीला चटका कळत नाही. केवळ गरम पिशवीने अशा पोटावर खोल भाजल्याची उदाहरणे शल्यवैद्यांनी नोंदली आहेत. म्हणून शेक नको, आणि बर्फही थेट कातडीवर नको.

चौथी गोष्ट आहाराची. आजाऱ्याला पेज, मऊ भात आणि पातळ वरण द्यावे, आणि अंगात ताकद यावी म्हणून डिंकाचा लाडू द्यावा, ही आपली रीत. जखम भरण्यासाठी मात्र मुख्यतः प्रथिने लागतात. जठराची शस्त्रक्रिया झालेल्यांना एरवीच दिवसाला निदान ६० ते ८० ग्रॅम प्रथिने घ्यायला सांगतात. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम आणि १०० ग्रॅम पनीरमध्ये सुमारे १८ ग्रॅम प्रथिने असतात. पातळ वरणाच्या वाटीने हा हिशेब जुळत नाही. शिवाय अशा माणसाचे जठर लहान झालेले असते, तेव्हा थोडे थोडे, पण अनेकदा खावे. त्यांच्यापैकी कित्येकांना गोड पदार्थाने घाम सुटतो, छाती धडधडते. लाडवाचा आग्रह त्यांना अपायकारकच ठरतो. लोह आणि ब१२ जीवनसत्त्व यांची कमतरता या लोकांत नेहमी आढळते, म्हणून ती रक्त तपासून आधीच भरून काढावी.

सुटी कातडी आणि स्नायू यांच्यामध्ये जी पोकळी राहते, तिच्यात पाझर साचतो. तो बाहेर यावा म्हणून बहुधा एक-दोन नळ्या ठेवतात. नळीच्या डबीतील पाणी रोज ठरल्या वेळी मोजून वहीत लिहावे. चोवीस तासांत ते सुमारे ३० मिलिलिटरच्या खाली आले, की साधारणतः नळी काढतात. त्यानंतरही पोटात पाणी हिंदकळल्यासारखे वाटले, तर घाबरू नये. डॉक्टर सुईने ते काढतात. ताप, पसरत जाणारी लाली, दुर्गंधीयुक्त स्राव, काळवंडणाऱ्या कडा किंवा पोटाची एक बाजू एकाएकी टणक होऊन फुगणे, ही मात्र त्वरित दाखवण्याची लक्षणे होत.

टाके निघाले म्हणजे जखम भरली, असा समज सर्वत्र आहे. तो खरा नव्हे. तीन आठवड्यांनी जखमेची बळकटी मूळ कातडीच्या सुमारे २० ते ३० टक्केच असते. तीन महिन्यांनी ती ८० टक्क्यांच्या आसपास पोहोचते आणि त्यापुढे फारशी जात नाही. म्हणून पहिले सहा आठवडे पाच किलोंहून जड काही उचलू नये. भरलेली पाण्याची बादली पंधरा किलोंची भरते, भरलेला गॅसचा सिलिंडर तीसएक किलोंचा, आणि दोन वर्षांचे मूल दहा-बारा किलोंचे. मूल रडत आले, तर आईने खुर्चीवर बसावे आणि दुसऱ्या कोणी ते तिच्या शेजारी आणून बसवावे. बैठ्या कामावर बहुतेकांना दोन ते चार आठवड्यांत जाता येते, कष्टाच्या कामाला सहा ते आठ आठवडे लागतात.

आणि शेवटी मनाची गोष्ट. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात आरशासमोर उभे राहिले, की पोट सुजलेले दिसते, व्रण लाल आणि वाकडा दिसतो, संध्याकाळी तर सकाळपेक्षा घेर वाढलेला असतो. ‘एवढा खर्च केला, एवढे सोसले, ते कशासाठी?’ असा प्रश्न येतो. आरोग्यविमाही बहुधा अशी शस्त्रक्रिया सौंदर्याची म्हणून नाकारतो, त्यामुळे खर्चाचा सल मोठा असतो. अशा वेळी घरच्यांनी व्रणाची चर्चा करू नये. सूज उतरायला तीन ते सहा महिने, कधी अधिकही लागतात. व्रण फिका व्हायला वर्ष-दीड वर्ष. आपल्या वर्णाच्या कातडीवर व्रण जाड होण्याचा संभव अधिक असतो, तेव्हा डॉक्टरांच्या सल्ल्याने सिलिकोनची पट्टी वापरावी आणि व्रणाला ऊन लागू देऊ नये.

तात्पर्य, या शस्त्रक्रियेनंतर घरच्यांकडून तीन गोष्टींची अपेक्षा आहे. रोग्याला उठवावे, पण ओझे उचलू देऊ नये; खाऊ घालावे, पण पथ्याचे; आणि त्याला वेळ द्यावा. ज्या माणसाने दोन-दोन वर्षे संयमाने वजन उतरवले, त्याला सहा आठवड्यांचा संयम कठीण नाही. तेवढाच संयम त्याच्या भोवतीच्या माणसांनी दाखवला, आणि ‘एवढी काय गरज होती?’ हा प्रश्न उंबरठ्याबाहेर ठेवला, तर त्याचे बरे होणे पुष्कळच सुकर होईल, असे आम्हांस वाटते.